दोन पाचची बस आणि बिनपगारी अध्यक्ष

...नाही, मला सांगा, माणसानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलापाशी, तिसरा कप चहा पिता पिता एक वाक्य बोलू नये? एकच वाक्य हो! 'कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे.' बस्स! यात 'मी' कुठे आहे? एलर्ट यान्सन कुठे आहे? चाळीस वर्षं डेअरीत लोण्याची पाकिटं बांधली, निवृत्त झालो, आता बागेत बसून शेजाऱ्याच्या गवताला नावं ठेवायची, एवढीच माझी इच्छा होती!

झालं काय, तुम्हाला सांगतो, आमच्या गावची दुपारची दोन पाचची बस बंद केली. का? तर म्हणे प्रवासी एकच. तो एक प्रवासी म्हणजे आमच्या शेजारच्या तालेआबाई, वय वर्षं एक्याऐंशी. त्यांचे यजमान हार्म तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात. माणूस सगळं विसरलाय, स्वतःचं नावसुद्धा, पण जेवणार तालेआबाईंच्याच हातचं! दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड घट्ट बंद. बस गेली, टॅक्सी परवडणार आठवड्यातून दोनदा, तीन आठवड्यांत हार्मची विजार कमरेवर राहीना. हे त्या आमच्याकडे चहा घेताना सांगत होत्या... रडत नव्हत्या हो, नुसता चमचा कपात फिरवत होत्या, आणि आमच्या उत्तर जर्मनीच्या या टोकाला वरची साय मोडू नये म्हणून चहा कुणी ढवळत नाही! मला कसंतरीच झालं. म्हणून मी म्हणालो. काय म्हणालो? हां! तेच!

झालं! आमच्या गेशेनं, म्हणजे बायकोनं, लगेच वही काढली. 'संस्था काढू या.' आता आमच्याकडे दोन माणसांना एकत्र शिंकायचं असलं तरी आधी संस्था नोंदवावी लागते, आणि नोंदणीला माणसं लागतात सात. सहा जमली होती. 'तू फक्त नावाला रे, एलर्ट!' फक्त नावाला! आजवर जेवढी माणसं बुडाली ना, सगळी फक्त नावालाच पाण्यात उतरली होती!

पहिली सभा अग्निशामक दलाच्या खोलीत. करखात्यातून निवृत्त झालेले ओकेनसाहेब घटना वाचतायत. 'कलम बारा. संस्था बरखास्त झाल्यास मालमत्ता कुणाकडे जाईल?' अहो, कसली मालमत्ता? एक थर्मास! तोही गेशेचा! संस्था अजून जन्माला यायची आहे आणि हे तिचं मृत्युपत्र करतायत! थर्मास अनाथाश्रमाला द्यायचा की समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या नावेला, यावर सव्वा तास! मी वैतागून लघवीला गेलो. तिथंच चुकलो. परत येतो तर टाळ्या! 'यान्सन, तुम्ही एकमतानं अध्यक्ष झालात. निवड मान्य आहे?' हात ओले होते हो माझे अजून! 'अमान्य असेल,' ओकेनसाहेब चष्मा पुसत म्हणतात, 'तर कलम एकपासून पुन्हा.' मान्य! मान्य! मान्य!

मग सह्या. चार शनिवार सुपरमार्केटच्या दारात, पावसात, आणि वारा असा की कागद धरू की टोपी धरू. लोक तरी कसले! एक बाई म्हणते, 'सही करते, पण मी बसणार नाही हं, माझ्याकडे गाडी आहे.' बाई, तुम्हाला कोण उचलून बसवतंय? एका गृहस्थानं तीनही पानं वाचली, 'तारीख उजव्या कोपऱ्यात हवी होती,' म्हणाला, आणि सही न करता बटाटे घेऊन गेला! आणि प्रत्येक जण जाताना माझ्या पाठीवर थाप मारून काय म्हणणार? 'कुणीतरी काहीतरी केलंच पाहिजे!' अरे मग मी काय करतोय? कपडे वाळवतोय?

चारशे बारा सह्या घेऊन गेलो पालिकेत. तिथं नागरिकांना अर्धा तास, आणि नियम असा की फक्त प्रश्न विचारायचा. भाषण नाही, तक्रार नाही. तालेआबाई चर्चला जायचा कोट घालून उभ्या राहिल्या. 'माझा हार्म माझ्याच हातचं जेवतो. आता आठवड्यात दोनच दिवस.' सभापती म्हणाले, 'आजी, हे निवेदन झालं. नियमाप्रमाणे प्रश्न विचारा.' तालेआबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. 'बरं. मग उरलेले पाच दिवस त्याला तुम्ही भरवाल का?'

सभापतींनी नियमांचं पुस्तक मिटलं.

मंजूर! आठ जणांची छोटी बस पालिकेची, चालक मात्र संस्थेचे, बिनपगारी. माझ्याकडे कोण बघतंय? सगळे! 'अध्यक्षांनीच सुरुवात करावी,' हे कोण म्हणालं असेल? गेशे! वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी डॉक्टरनं माझे डोळे तपासले, कान तपासले, गुडघ्यावर हातोडी मारली, आणि मेल्यानं पास केलं! आता आम्ही अकरा चालक आहोत, दोन पाचला सगळ्या जागा भरतात, ती गाडीवाली बाई तर रोज पुढची जागा अडवून बसते!

आणि हार्म जेवायला लागला. रोज. गालावर मांस आलं. नऊ महिने जेवला. या वसंतात गेला, तालेआबाईंच्या हातचं सूप पिऊन, शांतपणे. मी रडलो. मग... सांगायला लाज वाटते, पण मनात आलं, सुटलो! ज्यांच्यासाठी केलं त्यांचं काम झालं. चार ओळींचा राजीनामा लिहिला, खिशात घातला, म्हटलं आज शेवटची फेरी.

थांब्यावर तालेआबाई! हातात डबा!

'अहो, आता कुठे?'

'हार्मच्या शेजारच्या खोलीत फोको म्हणून आहे. त्याला कुणीच नाही. तोही तोंड मिटून बसतो. काल मी दिलं तर दोन चमचे खाल्ले.'

'तालेआबाई, मी राजीनामा...'

'तो नंतर दे. दोन सात झाले.'

बसल्या, पट्टा लावला, डबा मांडीवर. काय करणार? काढली गाडी! राजीनामा अजून गाडीतच आहे. काच धूसर झाली की पुसायला बरा पडतो.