बटाट्यात खोचलेली सुरी

परदेशात शिकून मी परत का आलो, असं शेजारच्या अक्का रोज आईला विचारायच्या आणि आई विषय बदलायची.

अशात तिच्या लाडक्या सुरीची मूठ तुटली. नवी बसवायला पात्याच्या मागच्या टोकाला भोक हवं होतं. पण पोलाद इतकं कडक, की ड्रिलच बोथट झालं.

"फेक, नवी घेऊ," आई म्हणाली.

"आपली वस्तू आपणच दुरुस्त करायची." धार तापू नये म्हणून मी पातं बटाट्यात खोचलं आणि टोक गॅसवर लालभडक केलं.

"भाजी सुरीची का?" अक्का हसल्या.

टोक सावकाश गार होऊन मऊ पडल्यावर मात्र नव्या ड्रिलनं सहज भोक पडलं.

दुसऱ्या दिवशी अक्का स्वतःची मोडकी सुरी घेऊन आल्या, सोबत बटाटाही.

"जरा थांबा," आई ऐटीत म्हणाली. "याच्यासाठीच परत आलाय तो."