तिसऱ्या खेपेची बाटली

...रामेश्वराच्या पायरीवर हात ठेवून सांगतो साहेब, यातलं अक्षर खोटं नाही. मी होतो ना तिथे — म्हणजे नव्हतो, मी त्या दुपारी कसालच्या बाजारात होतो, पण असल्यासारखंच समजा. गाव म्हणेल लवू थापा मारतो. मारतो. देवमाशाने माझी तपकीर ओढली आणि एका शिंकेत माझी होडी विजयदुर्गाला पोचवली, हे मीच पार तळेऱ्यापर्यंत सांगत फिरलोय. हे तसलं नव्हे. चहा घ्या.

तुम्ही सरकारतर्फे मुंबईहून विचारायला आलात, दारूबंदीत पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याची वाढीव शिक्षा ठेवावी की सैल करावी. आमची बायको विमला आत चुलीपाशी आहे, ती म्हणेल अजून आवळा — तिचा बाप दारूनेच गेला, तिचं खोटं कसं म्हणू? पण ही काय मोजायची रीत झाली? पहिल्या खेपेला तीन महिने, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला नऊच्या खाली उतरायचंच नाही — खास कारण असेल तर बघू म्हणे. आमचा बाबली, माडावर चढणारा, त्याने दोनदा काजूची दारू गाळली, दोनदा तुरुंग भोगून आला. कबूल. तिसऱ्यांदा काय केलं? हातात एक बाटली. कशाला? राखणदार देवाला. वर्षातून एकदा बागेच्या राखणदाराला कोंबडा आणि बाटली द्यावी लागते, नाहीतर — हसा, मॅजिस्ट्रेटही हसला. म्हणाला, देवाची बाटली हे खास कारण होत नाही. आणि दीड वर्ष ठोकलं. काय केलं ते बघायचं नाही, कितव्यांदा केलं तेवढं बघायचं — याला न्याय म्हणता तुम्ही? एका बाटलीला दीड वर्ष, तीही अर्धीच भरलेली, कापडाचं बूच, उन्हाने हाताला अशी गरम लागत होती —

कोणाच्या हाताला? बाबलीच्या. म्हणजे — पोलीस बांधावरून उतरला, तसा मी म्हटलं, "बाबल्या, जरा धर रे ही, मी कोंबो धरतंय." त्याने धरली. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही. पोलिसाने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि त्यालाच नेलं. त्याचं नाव ठाण्यात पाठ. मी कोंबडा घेऊन उभा. कोंबड्याला बंदी नाही. माझी पहिली खेप झाली असती, साहेब. तीन महिने. तीनच. आणि ती सुगंधा, त्याची बायको, माझ्याच बागेत नारळ वेचताना विचारते, "लवूभाऊ, ते कधी सुटतले?" मी सांगतो, मुंबयचे साहेब येतले, कायदो बदलतले. वर्षभर हेच सांगतोय.

तर लिहा. कसालचा बाजार, तेवढा मी रचला. बाग माझी, बाटली माझी, नाव लवू सोमा मुणगेकर. विमला, ऐकतंस मां आतसून? ऐक.

पेन का थांबलं? कायद्याला शिव्या देत होतो तोवर भराभर लिहीत होतात. हे तुमच्या कागदात बसत नाही? मग उठा. राहू दे तो चहा.