जवानाचा डावा पाय

ताई : हात लावू नकोस, रंगाखालचा प्रायमर ओला आहे अजून!

धाकटा : मी कुठे लावला? नुसता खुर्चीत बसलो, तर हा तुझा पुतळा आपणच आडवा झाला.

ताई : गेलं पुन्हा नाक. सकाळपासून नाकच घासतेय मी याचं.

धाकटा : टेबल वाकडं असेल गं.

ताई : टेबल वाकडं, फरशी वाकडी, पंख्याचा वारा वाकडा! सगळं बघून झालं. खिडकीत ठेवला, फ्रीजवर ठेवला. जिथे ठेवीन तिथे डावीकडे कलतो मेला.

धाकटा : मेला काय? मी आहे तो.

ताई : म्हणूनच डोकं खातोय.

धाकटा : ओव्हनमध्ये वाकला असेल. मागे ती तुझी व्हायोलिनवाली नाही का, मान टाकूनच बाहेर आली होती.

ताई : तिच्या मानेत तार बारीक होती. याला दुहेरी पीळ दिलाय. वर चंदेरी कागद आवळून बसवला, मग माती चढवली. याचं काहीएक वाकलेलं नाही.

धाकटा : मग खांद्यावरचा पाइप जड झाला.

ताई : पोकळ आहे तो.

धाकटा : तर मग उजव्या बुटाचा तळ घास थोडा.

ताई : किती घासू? आता घासला तर आतली तार बाहेर येईल.

धाकटा : खालच्या पाटाला चिकटवून टाक सरळ. कोण बघतंय?

ताई : साचेवाला बघतो ना! उद्या याच्यावरून साचा निघाला की पुढची एकूणएक मूर्ती अशीच तिरकी. घेणारे हौशी असतात, बाबा. काचेच्या कपाटात मांडतात, भिंग लावून बघतात. फायर ब्रिगेडचा जवान, आणि त्याला धड उभं राहता येत नाही! हसतील मला.

धाकटा : मग दे इकडे, पाय फोडू आणि नवी तार घालू. सांगाड्यातच गडबड केलीस तू. कबूल करायला काय होतं?

ताई : सांगाडा बरोबर आहे.

धाकटा : बरोबर आहे तर पडतो कशाला?

ताई : तुला काय करायचंय? जा, आईला चहा टाकायला सांग.

धाकटा : इतकी वर्षं हेच करतेस आणि दोन पाय सारखे करता येत नाहीत?

ताई : येतात! एक पाय मोजायचा आणि तेच माप दुसऱ्याला लावायचं. सगळे तसंच करतात, मीही तसंच करते.

धाकटा : मग याचं का नाही केलंस?

ताई : तू म्हणालास म्हणून. “अख्खा मीच पाहिजे, बोटसुद्धा दुसऱ्याचं नको.” भिंतीला पाठ लावून उभा राहिलास, आणि मी खुळ्यासारखे दोन्ही पाय मोजले. त्या मापाने तारा तोडल्या. कामाच्या नादात बघितलंच नाही.

धाकटा : काय बघितलं नाहीस?

ताई : जाऊ दे ना.

धाकटा : माझा पाय बरा झालाय.

ताई : हाड जुळलंय रे, मापं नाही जुळली.

धाकटा : सोमवारी टेस्ट आहे माझी. शिडी चढून दाखवली की परत कामावर. हे तुला माहीत आहे, आणि मुद्दाम आज...

ताई : मुद्दाम? टेबलाखाली कागदाच्या घड्या सारत बसलेय ती मुद्दाम? पंखा बंद करून घाम गाळतेय. मला वाऱ्याची चूक निघायला हवी होती रे, देवाशपथ!

आई : काय चाललंय? स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतंय.

धाकटा : आई, तू सांग. मी लंगडतो?

आई : चहा घे.

धाकटा : आई.

आई : जिन्यावर ऐकते ना मी. एक पाऊल जोरात, एक हळू. त्यावरूनच कळतं तू आलास, मग आधण ठेवते.

धाकटा : इतके दिवस बोलली नाहीस ते!

आई : डॉक्टर बोलले होते. बुटाला जाड तळ लावून घ्या, एवढंच म्हणाले बिचारे, तर त्या दिवशी तू ताटावरून उठून गेलास. मी कशाला बोलू?

(धाकटा जवानाला उचलून त्याचे दोन्ही पाय निरखतो.)

धाकटा : चेहरा मात्र झकास जमलाय.

ताई : नाक सोडून. आण, पाय कापते. संध्याकाळपर्यंत भाजून होतील नवे.

धाकटा : कापू नकोस.

ताई : अरे, उभा राहायला नको का तो?

धाकटा : माती उरलीय ना? डाव्या बुटाला तळ लाव जाडसा.

ताई : दिसेल लोकांना.

धाकटा : दिसू दे. लाव तू.

ताई : माती कच्ची आहे हं अजून. श्वास रोखून धर. सोडते... राहिला!

धाकटा : पंखा लाव बघू.

ताई : राहिला रे. हलतसुद्धा नाही.

आई : आणि सोमवारचं काय?

धाकटा : विचारतो त्यांना, तसल्या बुटाने चढलं तर चालेल का. नाही म्हणतीलसुद्धा.

ताई : म्हणू देत. तू विचार तर खरा.

धाकटा : आई, तळ लावून देणाऱ्या बूटवाल्याचं दुकान आत्ता उघडं असेल का गं?

आई : थांब, चप्पल घालते.