सायलीच्या मापाचा खड्डा

आजच्या ह्या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आमच्या रामाकोना गावचे पुंडलिकराव काका. बावीस दिवस इथंसा राहून ज्यायनं पिक्चर काढला ते कुणाल सर. अस्वलाचं काम करनारे आमचे गुलाबभाऊ. पिक्चरच्या हिरोईन डिंपल मॅडम, ज्यायच्या मांडीवर आता बी माही पोरगी सायली बसून आहे. आन् समोर बसेल माह्या सासूबाई, सायलीचे पप्पा, गावातल्या साऱ्या मायबहिणी. सगळ्यायले माहा नमस्कार.

सायलीचे पप्पा मले म्हणे, दोनच वाक्य बोलजो. तुम्ही आले, आनंद झाला. पुन्हा या. बस, आन् खाली ये. ते दोन वाक्य मी बोलली असं समजा. मी सातवी शिकेल बाई आहो. चुकलं तं हसा, पन मधातून उठू नोका.

ज्यायनं शूटिंग पाहिलं नाई त्यायले सांगते. जुन्या काळची गोष्ट आहे. लाकडं तोडाले जंगलात एक टोळी जाते. हिरोले अस्वल फाडते. सोबती म्हणतेत, हा काही वाचत नाई. मंग त्याची बंदूक घेतेत, कांबळ घेतेत, आन् जित्त्या मानसाले टाकून चालले जातेत. त्याची बायको लेकरू घेऊन त्याले शोधाले निघते. लेकरू थंडीनं मरते. हिरो रांगत रांगत येते, लेकराले मातीत ठेवते आन् मंग एकेका सोबत्याच्या मागं लागते. बायको म्हंजे डिंपल मॅडम. लेकरू म्हंजे सायली.

मजा बी लय आली, खोटं कायले बोलू? पहिल्या दिवशी गुलाबभाऊनं केसायचा कोट घातला तं गावातले सारे कुत्रे मागं लागले. हे पान्याच्या टँकरवर चढून बोंबलून राहिले, "अबे मी गुलाब हाओ, गुलाब!" हिरो भुकेनं कच्चं काळीज खाते म्हून टरबुजाच्या फोडी कापून ठेवल्या होत्या. अर्धं काळीज आम्ही बायायनंच फस्त केलं. सर, त्याची माफी आजच मांगून घेते.

मॅडमनं सायलीले लय जीव लावला. आपल्या हातानं केळं कुस्करून चारलं. सर्दी झाली तं सौसरहून औषध मांगवलं. मॅडम, तुम्ही वाईट असत्या ना, तं माहं काम सोपं झालं असतं.

सायली अकरा महिन्याची आहे. तिनं पहिलं पाऊल टाकलं ते मॅडमकडं. तिकडं कॅमेरा, तिकडं मॅडम हात पसरून, "ये बाळा, आईकडे ये." आन् मी मागं, दुधाची बाटली घेऊन. मले फक्त तिची पाठ दिसली. चाळीस मानसायनं टाळ्या वाजवल्या. कुणाल सर म्हणे, या ताई, टीव्हीवर पाहा. माह्या पोरीचं पहिलं पाऊल मी टीव्हीवर पाहिलं, बाप्पा! सासूबाई म्हणे, "पाय वो, गोरी माय भेटली तं तुही पोट्टी चालाले लागली." साऱ्या हासल्या. मी बी हासली. काय करू?

घरी आनली का तिच्या केसायले मॅडमच्या अत्तराचा वास. दोन डाव शिकेकाईनं धुतलं डोक्सं. माह्या मांडीवर झोपत बी नाई आताशा, मान वाकडी करून दरवाज्याकडं पाहते. हाव, मी जळते. कोनाची माय जळनार नाई?

मंगळवारी सरायच्या मानसानं सायलीले निजवून सुतळीनं मापलं. डोक्यापासून पायापर्यंत. मी इचारलं, काहून? त्यानं सुतळीले गाठ मारली. मले वाटलं मॅडम फ्रॉक शिवून राहिल्या. पहिले तं राग आला, का आता कपडे बी ह्याच घालतीन. मंग खुश झाली. मी तं आपल्या हातानं तिचे पाय सरळ धरले, का माप बराबर यावं.

आज सकाळी कन्हान नदीवर कपडे धुवाले गेली. काठावर, पळसाखाली, गुलाबभाऊ खड्डा खोदून राहिले होते. मी म्हटलं, "काय भाऊ, अस्वलानं बीळ कोरलं काय?" एरवी एका शब्दाले चार शब्द लावनारा मानूस, पन हासला नाई.

म्हणे, "वहिनी, हा सायलीचा आहे."

मंग म्हणे, "मतलब, पिक्चरमधल्या."

त्यायच्या हातात तीच सुतळी होती. गाठीची.

मी तशीच ओल्या हातानं कुणाल सरकडं गेली. सर, तुम्ही मले नीट समजावलं, आवाज चढवला नाई, हे मी साऱ्यायसमोर सांगते. तुम्ही म्हणाले, "ताई, उद्याचा शेवटचा शॉट. दोनच मिनिटं. ती मॅडमच्या मांडीवर झोपली की अलगद ठेवू. वर पांढरं कापड, दोन मुठी माती. तिला कळणारही नाही."

तिले कळनार नाई सर. मले तं कळन.

आमच्यात निजेल लेकराच्या तोंडावर धुतलेला रुमाल बी टाकत नाई. तुम्ही कापड म्हनता! सायलीचे पप्पा म्हणे, "मी कागदावर सही केली, आता गावात माही इज्जत जाईन. सारं खोटंच तं आहे, भेतं काहून?" पन खड्डा खोटा आहे काय? मी उतरून पाहिला. माह्या मांडीएवढा खोल आहे. माती थंड लागते.

अध्यक्ष काका, तुम्ही शिकेल मानूस, तुम्हाले एक इचारते. एका मानसाले अस्वलानं फाडलं. सोबत्यायनं बंदूक नेली, कांबळ नेलं, जित्ता टाकून गेले. एवढ्यावर त्याले राग येत नाई काय? बदला घ्याले लेकरू मेलंच पायजे काय? मले तं नुसतं एक पाऊल दुसरीकडं पडलं तं तवापासून झोप नाई.

सर, बाहुली घ्या. पांढुर्ण्याच्या बाजारात चांगली भेटते, डोळे मिटनारी. पन तिच्यासाठी फ्रॉक नवा आना, सायलीचा मी देनार नाई. तुम्ही चिडले तं चिडा, पोरीचं नाव पिक्चरमधून काढा. ते पाऊल बी काढा वाटलं तं. मी जगाले सांगत नाई बसनार का ते माहं होतं.

सायलीचे पप्पा, इशारे नोका करू. मी घरी आली का बोला काय बोलाचं ते.

मॅडम, तुमची उद्या रात्रीची गाडी आहे, तुम्हाले दुसरे पिक्चर आहेत. तुम्ही रडल्या का साऱ्यायचे डोळे भरतेत, असं रडनं मले येत नाई. पन आता पोरगी द्या माह्याजवळ. तुम्ही उठू नोका, मीच येते खाली. माईक घेऊनच येते, वायर लांब आहे.

या सायलीबाई. ये. सोड तो पदर. सोड मा.

पाहा, कशी किंचाळून राहिली. राहू द्या मॅडम, हात नोका लावू. अध्यक्ष काका, तिचा आवाज माईकमध्ये येऊन राहिला, कानाले तरास होत असन. पन रडू द्या. उद्या दिवसभर रडली तरी चालन. लेकरू रडून राहिलं म्हंजे जित्तं आहे.

साऱ्यायनं ऐकून घेतलं, आभारी आहो. लहान तोंडी मोठा घास झाला असन, अध्यक्षाले इचारल्याबिगर स्टेज बी सोडला, त्याची माफी द्या. जय भीम. आता मी हिले घेऊन घरी जाते.