उलटा फेरा

पैठणच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या दोघींचं बोलणं ऐकून योगिनीनं कानातली गाणी बंद केली.

"जमिलाबी, कारखानेवाले गळ धरायचा शिकंजा परत मागायलेत. देऊन टाक."

"आमच्या ह्यांची शेवटची नकली माशी हाय त्यात, आक्का. परदेशी मासे भुलवायची. गळाला लाल पिसं बांधली, वरचे केस बांधायचे राहिले अन् हे गेले."

"तूबी तेच काम करतीस. पुरी कर."

"हे डावखुरे. ह्यांचा दोरा उलटा फिरायचा. मी माझा फेरा दिला, की ह्यांचे सगळे सुटतेत."

"मंग डाव्या हातानं बांध."

"पाच महिने तेच शिकले. दुसऱ्या गळांवर."

"जमंना व्हय?"

"काल जमलं."

"मंग?"

"मंग काय आक्का. आता पुरी करावी लागंल."