बापूस झोपलाय, वरडू नको

(जनाबाई, अंगणवाडी मदतनीस, पेण तालुका. त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलेलं.)

मी खाडीकडची. धरमतरच्या खाडीला लागून आमचं गाव, माहेर तिथंच आनि सासर पन तिथंच, दोन आळ्यांचं अंतर, वरात निघते ना निघते तोवर पोचली, लोकं हसली. बापूस मिठागरावर कामाला, आई पन मिठागरावर, आमी पोरं बांधावरच वाढली, शाळा चौथीपर्यंत, त्याच्यापुढची शाळा लांबच्या गावाला, पोरीला कोन पाठवतंय. वय विचाराल तर कागदावर एक हाय, गुडघ्यांना विचारलं तर ते धा वर्सं जास्त सांगतील.

लहानपनी माझं एक काम होतं, ते आधी ऐकून ठेवा म्हंजे पुढचं कळेल. बांधाला उघाडी असते, म्हंजे खाडीचं पानी आत घ्यायचं नि आडवायचं दार. वाफ्यात मीठ धरायला लागलं की भरतीचं पानी आत शिरता कामा नये, शिरलं की झालं, सगळ्यांची मेहनत विरघळून गेली. तर मला तिथं बांधावर बसवायचे. दगडाला लाल निशानी केलेली, पानी निशानीला टेकलं की वरडायचं, पानी आलं गोऽऽ, की बाया-बापे धावत यायचे नि फळी टाकायचे. एवढुशी मी, पन माझ्या एका वरडन्यावर सगळं आगर हालायचं. बापूस बोलायचा, आमच्या जनीचा आवाज पेनच्या बाजारात ऐकू जातो. आता मिठागरं गेली, बापूस गेला, आवाज तेवढा हाय, तो पन खोकल्यात जातो.

अंगनवाडीत मी मदतनीस. मदतनीस म्हंजे सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करायची, झाडायचं, पानी भरायचं, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, आनि बाईंनी फोटोसाठी मोबाईल उचलला की बाजूला सरकायचं. आमच्या रेश्मा बाई, पोरगी गुनाची हाय, तिला नावं ठेवनार नाय मी, पन तिच्या हाताला मोबाईल चिकटलाय तो काय सुटत नाय. वजन भर, उंची भर, हजेरी भर, फोटो टाक, रेंज नाय म्हनून गेटावर जाऊन उभी. मग पोरांना खेळवनार कोन? मी. कागदावर नाय हां, कागदावर बाई खेळवतात नि मी खिचडी करते. आता असं आलंय की लहान पोरांना खेळातूनच शिकवायचं, वरून म्याडम येऊन सांगून गेल्या. मी मनात बोलले, बाय, मला शिकवायचं काय ते म्हाईत नाय, खेळ तेवढे म्हाईत हायत. चिंचोके मोजायचे, खाडीवरच्या शिंपल्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावायच्या, मातीच्या भाकऱ्या थापायच्या, डोळे बांधून वासावरून सांगायचं हा कांदा की ही कोथिंबीर. म्याडम विचारतात या खेळातून काय साध्य होतं, रेश्मा बाई पटापट सांगते, भाषा, मोठे स्नायू, बारीक स्नायू. मी चुलीकडं बघत बसते.

तर एक दिवस काय झालं. खोलीच्या कोपऱ्यात आमचं बाहुलीघर हाय, खोक्याचं केलेलं, दोन बाहुल्या, एक बाहुला, चूल-भांडी. चार पोरं खेळत होती. एका पोरानं बाहुल्याला आडवा केला, त्याच्यावर फडका घातला आनि तोंडावर बोट ठेवलं, बाबा नाईट करून आलेत. आनि बसली सगळी. बसली म्हंजे बसलीच. मी तांदूळ निवडत वाट बघतेय, आता बाबा उठतील, च्या पितील, बाजाराला जातील, कायतरी होईल. काय नाय. खेळ तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी दुसरी पोरं, तोच खेळ. बाबाला झोपवायचा नि गप बसायचं. काय सांगू तुमाला, माझ्या हातातलं सूप हातातच राहिलं.

आमच्या गावची निम्मी मानसं डोलवीच्या बाजूला कंपनीत, ठेकेदाराकडं. शिफ्ट. घर म्हंजे एक खोली नि पडवी. रात्रपाळी करून आलेला मानूस दिवसा झोपनार, त्याला झोप नको काय? मग पोरांनी गप बसायचं. कोनाचं चुकलं सांगा, कोनाचं नाय.

मला ते लागलं कारन ते माझ्याच घरातलं होतं. आमचे मालक पन शिफ्टला. देवमानूस, कधी पोराला टाकून बोलले नाय, पन झोप मोडली की दिवसभर डोकं धरून बसायचे. मग मी काय करायची, आमच्या प्रदीपच्या तोंडावर हात ठेवायची. बापूस झोपलाय, वरडू नको. हसला तरी हात, रडला तरी हात. सहा वर्सांचा असेल, लाकडं काढताना त्याला विंचू चावला. विंचू म्हंजे काय ते तुमाला म्हाईत, मोठा मानूस गडबडा लोळतो. आनि हा पोरगा तोंडात मूठ कोंबून माझ्याकडं चालत आला, डोळ्यांतून पानी चाललंय नि आवाज नाय. हळूच बोलतो, आई, विंचू चावलाय, बाबा झोपलेत ना. आनि मी, ताई, मी ते विहिरीवर चार बायकांना कौतुकानं सांगितलं. माझा पोरगा किती शाना, विंचू चावला तरी वरडला नाय. हे मी केलंय. मालक गेले, आता ते काय बोलनार, पन मी हाय ना जिवंत, मला रोज आठवतं.

प्रदीप आता रोह्याला कंपनीत. तो पन शिफ्टला, घ्या. स्वभावानं चांगला, दारू नाय, भांडन नाय, पन बोलत नाय. गनपतीला येतो, बसतो, जेवतो, जातो. सून बोलते, आत्या, हे घरात असले काय नि नसले काय. फोन केला तर चार वाक्यं. जेवलीस काय. गुडघा कसा हाय. गोळी घे. ठेवतो. पाचवं वाक्य मी त्याच्या तोंडून किती वर्सांत ऐकलं नव्हतं.

तर आता आर्वीचं सांगते. चार वर्सांची पोर, आमच्याच आळीतली. बापूस नितेश कंपनीत, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी, आई पेनला गनपतीच्या कारखान्यात रंगकामाला, ती सकाळी जाते ती दिवे लागायला येते. पोर बारा-साडेबाराला अंगनवाडीतून घरी गेली की झोपलेल्या बापाच्या उशाशी बसून राहनार, चार वाजेपर्यंत. शानी पोर. कुजबुजल्याशिवाय बोलत नाय. हसते ते पन तोंड मिटून. तिच्या आईनं तिला पेनच्या एका नर्सरीत नेली होती, तिथं नाव विचारलं तर हिनं नुसते ओठ हलवले, परत विचारलं, परत ओठ. ते बोलले, पोरगी बोलत नाय, आधी कुठं दाखवून घ्या, मग पुढच्या वर्षी बघू. तिची आई माझ्या दारात रडली, काकी, आर्वी मुकी तर नाय ना गो? मी बोलले मुकी नाय, गप केलेली हाय. तोंडातून गेलं, मग वाटलं हिला कशाला बोलले, मीच कोन मोठी.

त्या दिवशी मी ठरवलं, बाकी काय जमो ना जमो, या पोरीचा आवाज काढायचा.

अंगनवाडीच्या मागं चिखलवट जागा हाय. तिथं पोरांना मिठागर करायला लावलं. प्रत्येकाचा वीतभर वाफा, चिखलाचे बांध, मधून पाट, तोंडाला कौलाचा तुकडा, ती उघाडी. प्रत्येकाच्या वाफ्यात स्वयंपाकातलं चिमूटभर खरं मीठ, कारन विरघळलं की गेलं, ते पोरांना बरोबर कळतं. पाटात काठी रोवली, तिला लाल दोरा बांधला. मी कळशीतून पानी सोडनार, पानी दोऱ्याला टेकलं की राखनदारानं वरडायचं, पानी आलं गोऽऽ, की उघाडीवरच्यानं कौल टाकायचं. आनि राखनदार कोन, तर आर्वी.

पयल्या दिवशी पानी दोऱ्याला टेकलं, पोरीनं तोंड उघडलं, आवाज नाय. धावत आली नि माझा पदर ओढला. तोवर सगळ्यांचं मीठ गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. पोरं चिडली, हिला नको बसवू आजी, ही सगळं बुडवते. रुद्र नावाचा एक हाय, तो तर चिखलात बसून रडला. मी बोलले बसेल तर तीच बसेल. पन घरी येऊन पाय चेपत बसले की वाटायचं, जने, तू पोरीचा छळ करतेस, आनि स्वतःचं पाप धुवायला करतेस. वाटायचं सोडून द्यावं. पाठ धरलेली, सकाळी उठायला होत नाय, आनि मी म्हातारी चिखलात बसून पानी वतते.

मग एक दिवस आर्वीनं आपल्या मनानं बसल्या जागेजवळ एक वाफा केला. एकदम नीट, कडा बोटानं गुळगुळीत. माझ्याकडं हात पसरला, मीठ दे म्हनून. दिलं. कोनाचं गो हे? कानाशी येऊन बोलली, बाबांचं. मी कळशी लवंडली. पानी निघालं, दोऱ्याला टेकलं, पोरीनं पान्याकडं बघितलं, वाफ्याकडं बघितलं, आनि वरडली. पानी आलं गोऽऽ! फाटका आवाज, कोंबड्याचं पिल्लू पयल्यांदा आरवतं तसा. रुद्रनं धापकन कौल टाकलं. एकाचं पन मीठ गेलं नाय. रेश्मा बाई गेटावरून धावत आली, तिला वाटलं पोरगी कुठं पान्यात पडली. आल्यावर ती पन बघतच राहिली, मोबाईल हातात, फोटो काढायचा विसरली. मी पदर तोंडाला लावून आत गेले. खिचडी लागली होती खाली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नितेश दारात उभा, पायात कंपनीचे बूट तसेच, डोळे लाल. आमच्याकडं नळाला दुपारी पानी येतं. काल नळाला पानी आलं, आनि ही पोर खोलीच्या मधोमध उभी राहून वरडली, पानी आलं गोऽऽ. हांडा भरेपर्यंत वरडत होती. नितेश दचकून उठला. काकी, तो बोलला, तुमी हिला वरडायला शिकवलंत. मला काम उंचावर हाय, झोप नाय झाली तर झोकांडी जाईल, मग हिला कोन बघनार? मग तो पायरीवर बसला नि बोलला, मी हात उचलला काकी तिच्यावर. पयल्यांदा. आनि ती परत गप झाली, तेव्हापासून एक अक्षर नाय.

आता याला काय सांगायचं? त्याचं खरं नाय काय? मी माझ्या घरात जे केलं ते तरी दुसरं काय होतं? मग मी बोलले, नितेश, तू झोप. पोरगी माझ्याकडं दे. अंगनवाडी सुटली की माझ्या घरी नेते, तू उठलास की घेऊन जा. माझ्या घरात आता कोन झोपत नाय. त्यानं मान हालवली नि गेला.

आर्वीला परत वरडायला आठ-पंधरा दिवस लागले. वरडली पन. आनि मग काय, गावात गोष्ट लपते काय, एकीची पोर ठेवलीस मग माझा रुद्र का नको. आता पाच हायत. सकाळी बारा पोरं, दुपारी पाच. कागदावर यातलं काय नाय, म्याडमना सांगायची सोय नाय. माझी दुपारची पाठ टेकायची गेली. पडवीत चिखलच चिखल, शेजारीन बोलते, जने, कानाचे पडदे फाटले गो. फाटू दे बोलले.

मागच्या रविवारी, सुट्टी असली तरी ही पाच जनं हजर, कंपनीला कुठं रविवार असतो, तर दुपारी प्रदीपचा फोन आला. जेवलीस काय. जेवले. गुडघा कसा हाय. हाय तसाच. आनि मागं पोरांनी एकदम गिल्ला केला, पानी आलं गोऽऽ. त्यानं विचारलं, आई, कोन वरडतंय? मी सांगितलं, शिफ्टवाल्यांची पोरं हायत, बापूस झोपलेत म्हनून माझ्याकडं ठेवते, थांब हां, तुला ऐकू येत नसेल. आनि सवय बघा माझी, मी हात वर केला, गप रे, गप बसा, माझ्या पोराचा फोन हाय.

नको आई, तो बोलला. त्यांना गप नको करू.

हे पाचवं वाक्य. मी हात खाली घेतला. पोरं परत सुरू झाली. मी वाट बघितली, आता ठेवतो बोलेल. बोलला नाय. मी फोन पोरांच्या बाजूला धरला नि बसले. दोन वेळा पानी सोडून झालं, कळशी रिकामी झाली. फोन कानाला लावला तर श्वास ऐकू येत होता. तिकडं तो होता.

बसा ताई, च्या ठेवते. नितेश उठायची वेळ झाली, पोरीला सोडून येते. हिला पुढच्या वर्षी ती नर्सरी घेईल का नाय ते देवाला म्हाईत, मला आता त्याची धावपळ होत नाय. पन नाव विचारलं तर सांगेल ती, अख्ख्या पेनला ऐकू जाईल असं सांगेल. माझ्या पोरानं ते कधी केलं नाय, ही करेल. चांगलं होऊ दे सगळ्यांचं.