यंत्र बंद केल्यावर आलेली हाक

—नाही नाही, पंखा नका लावू, पाळकसाहेब. उकडतंय, मान्य आहे, पण थोडं सोसा. आणि तुम्ही बोलू नका, मीच बोलतो. रविवारी बोललात तेवढं पुरे आहे मला. काय बोललात! बायकोनं कोपरानं ढोसलं, म्हणाली, ऐका, तुमच्यावरच चाललंय. देव रोज बोलतो, आपणच कलकलाट करून बसलोय, एकेक आवाज कमी करा म्हणजे त्याचा ऐकू येईल — असंच ना? बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि जेवायला गेले. मी नाही विसरलो. माझं कामच ते आहे हो. गिऱ्हाईक मोटार आणतं, म्हणतं कुठंतरी खरखरतंय. मी काय करतो? दुकानातलं बाकीचं सगळं बंद करतो — सगळं — आणि कान लावतो. बिघाड आपणहून बोलायला लागतो. म्हटलं, हीच रीत देवापाशी लावून बघू.

आधी रेडिओ. मग भिंतीवरचं घड्याळ. मोबाइल पिठाच्या डब्यात. बायको — तिच्या तोंडाला कुलूप नाही, तुम्हाला ठाऊकच आहे — तिला म्हटलं, जा, माहेरी राहून ये. ती म्हणाली, ताईंकडे कोण बघणार? म्हटलं, माझी सख्खी बहीण आहे, मी बघेन. मग फ्रिज बंद केला. तरी एक आवाज राहिलाच — घुर्र, घुर्र — आतल्या खोलीतनं. ताईचं प्राणवायूचं यंत्र. फुप्फुसं गेलीत तिची, नाकाला सतत नळी. तुम्हीच येऊन प्रार्थना केली होतीत की तिच्यासाठी, तेव्हाही मधे मधे ते घुर्र होतंच. मी तसंच नाही बंद केलं हां, विचारलं तिला. म्हटलं, ताई, जरा वेळ बंद करू? डोळा लागला होता तिचा. नको म्हणाली नाही. थोडाच वेळ म्हणून केलं, एक प्रार्थना होईपर्यंत.

आणि मग — असं बघू नका माझ्याकडे — हाक आली. चिमण्या. अशी. बारीक, धाप लागल्यासारखी. अंगावर सरसरून काटा आला. केस पिकले माझे, मला चिमण्या कोण म्हणणार? पुन्हा आली. मी उठलोच होतो, आतल्या खोलीकडे निघालो होतो, आणि तुमची गोष्ट आठवली. तो मुलगा नाही का, मंदिरात निजलेला — देव हाक मारतो आणि तो आपला उठून म्हाताऱ्या याजकाकडे पळतो, मला बोलावलंत का म्हणून. तुम्ही म्हणालात, देवाची हाक माणसाची समजून धावत सुटू नका. म्हटलं, मी नाही फसायचा. इथंच बसलो, या स्टुलावर, गुडघे घट्ट धरून. म्हटलं, ऐकतोय प्रभू, बोल. आणखी एकदा आली तेव्हा रडलो मी. आनंदानं रडलो, सांगायला लाज कसली? इतकी वर्षं उपासनेला येतोय, कधी काही ऐकू आलं नाही. ताईच समजूत घालायची, म्हणायची, तुलाही बोलावील तो, धीर धर. म्हटलं, उठली की पहिल्यांदा तिलाच सांगायचं.

मग थांबलं. किती वेळ झाला कोण जाणे, घड्याळ बंद आहे ना. तुम्ही दार वाजवलंत तेव्हा कुठं भानावर आलो. बघा की, कशी शांतता आहे. आमच्या घरात अशी कधी नव्हती. चिमण्या हे नाव आईनं ठेवलेलं, साहेब. आई गेल्यावर त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. म्हणजे कुणीच नाही, एक फक्त —

उठलात कशाला? बसा, पाळकसाहेब. तिकडं नका जाऊ, ती निजलीय. बसा म्हणतो ना. अजून एकदा येईल हाक. जरा गप्प राहा, मला ऐकू द्या.